नळदुर्गचा बोरी नदीवरील बंधारा : त्याचा काल व त्याचें प्रयोजन

नळदुर्गच्या किल्ल्यांतील पाणीमहालाचें नांव ऐकलें नाहीं असा दक्षिणेंतील इतिहासप्रेमी मनुष्य विरळा. परंतु ज्या बंधाऱ्याच्या पोटांत हा महाल आहे, तो बंधारा कोणीं व केव्हां घातला ह्या प्रश्नाचीं दोन निरनिराळीं उत्तरें छापील ग्रंथांतून आजवर शेजारीं शेजारीं नांदत आलीं आहेत. इ. स. १९०८ च्या सुमाराच्या इंपीरियल गॅझेटियरांत अली आदिलशहानें इ. स. १५५८ मध्यें नळदुर्गची तटबंदी वाढविली व बोरी नदीस बंधारा घालून शिबंदीस कधीं न आटणाऱ्या पाण्याची सोय करून दिली, असें विधान आहे. उलटपक्षीं पाणीमहालांतील फारसी शिलालेखाच्या आधारें हें काम दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, हिजरी १०२२ म्हणजे इ. स. १६१३ मध्यें, मीर महंमद इमादीन ह्या स्थपतीच्या हातून झालें असें सांगितलें जातें. दोहोंमध्यें पंचावन्न वर्षांचें अंतर आहे. पहिला काल खरा धरला तर बंधारा तालिकोटच्या लढाईपूर्वींचा ठरतो. दुसरा खरा धरला तर तो विजापूरच्या परमोत्कर्षाच्या काळांतला ठरतो. तेव्हां हा वाद केवळ सनावळीचा नाहीं. एका लहानशा नदीचें पाणी वर्षभर धरून ठेवण्याची ही योजना कोणत्या गरजेंतून निघाली, हें त्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रथम स्थलवर्णन. धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटाच्या पठारावर वसला आहे. ह्या पठाराची पाठ म्हणजे गोदावरी व भीमा ह्या दोन खोऱ्यांमधील पाणलोटाची सीमा होय. तेरणा व मांजरा पूर्वेकडे वाहत जाऊन गोदावरीस मिळतात. बोरी व भोगावती ह्यांचें पाणी दक्षिणेस व पश्चिमेस उतरून अखेर भीमेंत जातें. ह्यामुळें ह्या जिल्ह्यांतील नद्या येथें केवळ उगमाजवळच्या, म्हणजे लहान व उन्हाळ्यांत कोरड्या पडणाऱ्या आहेत. पर्जन्यमान तीस इंचांच्या आंतबाहेर, तेंही बेभरंवशाचें. खालीं काळा पाषाण असल्यामुळें जमिनींत मुरणारें पाणी थोडें, आणि वाहून जाणारें पुष्कळ. अशा मुलखांत जें गांव वाढूं लागेल त्यास पाणी आणावें तरी लागेल, किंवा पावसाळ्यांतलें अडवून ठेवावें तरी लागेल. तिसरा मार्ग नाहीं.

नळदुर्गचा किल्ला अशा ठिकाणीं आहे कीं जेथें अडवून ठेवण्याचा मार्ग निसर्गानेंच अर्धा सिद्ध करून दिला आहे. बोरीच्या खोल दरींत पठाराचा एक सुळका पुढें आला असून त्याच्या कडेकडेनें तट चालतो. पठाराशीं जोड आहे ती केवळ पश्चिमेच्या अंगास. दरीच्या पलीकडच्या कांठावर रणमंडळ नांवाचा लहान किल्ला आहे. मुख्य किल्ला व रणमंडळ ह्यांच्यामध्यें दरी चिंचोळी होते, आणि तेथेंच हा दगडी बंधारा दोन्ही कांठांस भिडविला आहे. म्हणजे एकाच बांधकामानें तीन कामें साधलीं: पाण्याचा सांठा झाला, रणमंडळास जाण्यास पूल झाला, आणि त्या बाजूनें शत्रूस दरींतून वर येण्याची वाट बंद झाली. बंधाऱ्याच्या मध्यभागीं, पाण्याच्या पातळीच्या खालीं, दालनें काढिलीं असून जिन्यानें तेथें उतरतां येतें. नदीस पूर आला म्हणजे पाणी दोन सांडव्यांवरून खालीं कोसळतें व दालनाच्या सज्जांत उभा राहणारा मनुष्य त्या पडद्याच्या आंतून कोरड्या अंगानें तें पाहूं शकतो. ह्या दोन प्रपातांस लोक नर व मादी म्हणतात. शिलालेखाचा आशयही ह्या दृश्यास साजेसाच प्रसिद्ध आहे: ही इमारत पाहून मित्रांचे डोळे उजळतील व वैऱ्यांच्या डोळ्यांपुढें अंधारी येईल, असा त्याचा भाव सांगतात.

बंधाऱ्याच्या उंचीविषयीं एक सूचना येथेंच करून ठेवतों. जुन्या इंग्रजी वर्णनांत ती नव्वद फूट दिलेली असते, व अलीकडील मराठी वर्णनांत सुमारें वीस मीटर, म्हणजे पासष्ट फूट. बांधकामाच्या पायापासून मोजणें व खालच्या डोहाच्या पाण्यापासून मोजणें ह्यांत एवढा फरक सहज पडूं शकतो. ज्यांस पुढें मोजणी करावयाची असेल त्यांनीं मोजणीचा आरंभबिंदू अवश्य लिहून ठेवावा. नाहीं तर आणखी एक तिसरा आंकडा मात्र प्रचारांत येईल.

आतां कालनिर्णय. पहिल्या अलीचें राज्यारोहण इ. स. १५५८ मधलेंच आहे. तख्तावर बसल्याच्या वर्षीं राजानें सरहद्दीवरील किल्ल्याचा तट वाढवावा व त्याच वर्षीं एवढा प्रचंड बंधाराही उभारावा, हें अशक्य नसलें तरी संभवनीय वाटत नाहीं. अलीनें नळदुर्गच्या तटाचें काम करविलें ह्याविषयीं आमची शंका नाहीं. आमचा तर्क असा कीं, गॅझेटियरच्या लेखकापुढें तटाचा काल होता व बंधारा दिसत होता; दोहोंची सांगड त्यानें घालून दिली. स्थानिक वर्णनें तयार करतांना असें पुष्कळ वेळां होतें. ज्या राजाच्या नांवावर किल्ला चढला, त्याच्याच नांवावर किल्ल्यांतील सारें कांहीं चढतें.

इ. स. १५८० मध्यें अलीचा खून झाला व नऊ वर्षांचा इब्राहीम गादीवर आला. त्या बालराजाच्या आरंभींच्या धामधुमींत निजामशाही व कुतुबशाही फौजांनीं मिळून नळदुर्गास वेढा घातला. किल्लेदारानें दाद दिली नाहीं व वेढा उठवून त्यांस परत जावें लागलें. बंधाऱ्याच्या अभावीं एवढी शिबंदी टिकली कशी, असा प्रश्न अलीच्या पक्षाचे लोक विचारतील. परंतु खडकांतील हौद, विहिरी व खालून वाहणारी नदी एवढ्यावरही कांहीं महिन्यांचा वेढा निभावतो. दक्षिणेंतील कित्येक किल्ले ह्याच बळावर भांडले आहेत. उलट, त्या वेढ्याचा अनुभव हाच पुढें बंधारा घालण्याचें कारण झाला असेल, असेंही म्हणतां येईल. म्हणून वेढ्याचा पुरावा आम्ही कोणत्याच बाजूनें धरीत नाहीं. मात्र हा प्रसंग फिरिश्त्यानें व निजामशाहीच्या बाजूच्या बुऱ्हान-इ-मआसिर ह्या ग्रंथानें दिला आहे, आणि दोन्ही ग्रंथकार त्या काळचे आहेत. वेढा घालणाऱ्यांनीं नदीच्या पाण्याविषयीं काय नोंदविलें आहे, हें मूळ फारसी पोथ्यांतून पुन्हां तपासून पाहण्यासारखें आहे. भाषांतरकर्ते असले बारकावे बहुधा गाळतात. फिरिश्त्याचा ग्रंथ इ. स. १६०६ व त्यापुढील थोड्या वर्षांत सिद्ध झाला असल्यामुळें इ. स. १६१३ च्या बांधकामाचा उल्लेख त्यांत न आढळणें हें त्या कालाच्या विरुद्ध प्रमाण होऊं शकत नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें.

राहतां राहिला शिलालेख. कामाच्या जागेवर, कामाच्या कर्त्याच्या नांवासह व सनासह कोरलेला लेख हा तीनशें वर्षांनंतरच्या सरकारी वर्णनाहून सर्वथा बलवत्तर होय. आतां कोणी म्हणेल कीं लेख महालाचा आहे, बंधाऱ्याचा नव्हे. जुन्या बंधाऱ्यांत इमादीनानें नवीं दालनें खोदलीं असतील. ही शंका अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु पाण्याचा दाब पाठीवर घेऊन उभ्या असलेल्या भरीव भिंतींत मागाहून पोकळी करणें म्हणजे भिंतीचा जीव घेणें आहे. दालनें, जिने व सांडव्यांची जागा हीं एकमेकांस इतकीं बेतशीर जुळलेलीं आहेत कीं सर्व आराखडा एका वेळचा व एका डोक्यांतला मानणें भाग आहे. अलीच्या वेळीं येथें एखादा लहानसा बांध असेल तर असो. आज उभें आहे तें काम मात्र हिजरी १०२२ चें, असें आमचें मत आहे. ह्या हिजरी वर्षाचा आरंभ २१ फेब्रुवारी १६१३ रोजीं होतो. म्हणून पहिला सुमारें महिना वजा केला असतां बाकीचा सर्व काल शके १५३५, प्रमादी नाम संवत्सरांत पडतो. मराठी कागदांत शोध घेणाऱ्यांस ही जुळणी उपयोगी पडेल.

हा काल एकदां मान्य केला म्हणजे बंधारा एकटा राहत नाहीं. त्या पिढींत दक्षिणेंत चाललेल्या एका मोठ्या उद्योगाचा तो भाग ठरतो. इ. स. १५६५ त विजयनगर पडल्यावर विजापूरची वस्ती झपाट्यानें वाढली, व अलीनें इ. स. १५७९ मध्यें चांदबावडी बांधली. इब्राहिमानें इ. स. १५९९ मध्यें विजापूरच्या पश्चिमेस नवरसपूर वसविण्यास आरंभ केला. तोरवीकडून शहरांत पाणी आणण्याचें काम ह्याच शतकांतील वाढीशीं निगडित आहे. इ. स. १६२० ची ताजबावडी, व पुढें महंमद आदिलशहाच्या वेळचा इ. स. १६५१ चा बेगम तलाव, हीं त्याच मालिकेंतील पुढचीं कामें. बेगम तलावाचें पाणी जमिनींतील नळांनीं शहरांत नेलें व वाटेंत ठिकठिकाणीं पाण्याचा दाब मोडण्यासाठीं मनोरे उभारले. त्यांस तिकडे गंज म्हणतात, आपल्याकडील उसाशांचाच तो प्रकार. निजामशाहींत मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी वसविली व कांहीं वर्षांतच डोंगरांतील झरे भुयारी नहरींनीं शहरांत आणले. पुण्यास कात्रजचें पाणी आणणारे नानासाहेब पेशवे ह्याच परंपरेचे वारस होत.

ह्यांत एक क्रम स्पष्ट दिसतो. गांव लहान तोंवर आड व बारव पुरतात. वस्ती वाढली म्हणजे मोठ्या बावड्या. तीही वाढ ओलांडली म्हणजे बाहेरचें तळें व नळ. प्रत्येक पायरीस पाणी घरापासून अधिक दूर जातें, व तें सांभाळणारें माणूस अधिक जरूर होतें. खडकीच्या नहरी पुढें औरंगाबाद शहरास दीर्घकाल पाणी पुरवूं शकल्या, कारण भुयारांवर ठराविक अंतरानें झरोके ठेवून सफाईची सोय केली होती. जें साफ करतां येत नाहीं तें पाणीकाम एका पिढीपलीकडे जगत नाहीं.

नळदुर्गचें वैशिष्ट्य ह्या क्रमांत वेगळें आहे. येथें पाणी दुरून आणलें नाहीं. पायथ्याशीं वाहणारें पाणी वाहूं न देतां राखलें, एवढेंच. आणि पूर आला तर तो बंधाऱ्यावर डोकें आपटून न घेतां ठरलेल्या दोन वाटांनीं उतरून जावा, ही तजवीज मुळांतच केली. चारशेंहून अधिक पावसाळे ही भिंत उभी आहे ह्याचें श्रेय दगडाइतकेंच त्या सांडव्यांस आहे. बंधारा झाल्यावर सतरा वर्षांच्या आंतच इ. स. १६३० चा भयंकर दुष्काळ दक्षिणेवर आला. त्या वर्षीं नळदुर्गच्या सांठ्यांत किती पाणी राहिलें व पेठेंतील लोकांस तें घेऊं दिलें कीं नाहीं, हें सांगणारा एक जरी अस्सल कागद हातीं आला तरी त्याची किंमत दहा सनदांहून अधिक होईल. गॅझेटियर फक्त शिबंदीचें नांव घेतें. किल्ल्यालगत पेठ होती, बाजार होता; त्यांच्या घागरी कोठें भरत होत्या हें कोणीच सांगत नाहीं.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. इ. स. १६८६ मध्यें विजापूर पडल्यावर किल्ला मोगलांकडे व नंतर निजामाकडे गेला. इ. स. १७५७ च्या सिंदखेडच्या मोहिमेनंतर झालेल्या तहांत नळदुर्ग पेशव्यांस देण्याचें कलम होतें. म्हणून पुण्याच्या दप्तरांतही ह्या किल्ल्याचे कागद पाहिले पाहिजेत. ता. २१ मे १८५३ च्या तहानें नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आला व इ. स. १८६० त निजामास परत मिळाला. ह्या मधल्या काळांत इ. स. १८५३ पासून १८५७ पर्यंत कर्नल मेडोज टेलर येथें डेप्युटी कमिशनर होता. ठगांच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिणारा तोच हा. त्याच्या आत्मचरित्रांत किल्ल्याचें व बंधाऱ्याचें वर्णन आलें आहे, आणि तें वाचतांना ह्या माणसास जागेचा लळा लागला होता हें लपत नाहीं. पुढें जिल्ह्याचें ठाणें नळदुर्गाहून धाराशिवास हललें.

हें ठाणें हलणें आमच्या विषयाच्या दृष्टीनें मोठें महत्त्वाचें आहे. राज्यकारभाराच्या सोयीसाठीं जिल्ह्याचें मुख्य गांव नदीकांठ सोडून पाणलोटाच्या माथ्यावर गेलें. धाराशिवजवळ भोगावती आहे. तिच्या दरींत प्राचीन लेणीं आहेत, व लेणीं कोरणाऱ्यांस व तेथें राहणाऱ्यांस ती पुरली. परंतु कचेऱ्या, शाळा, बाजार व इस्पितळें घेऊन वाढणाऱ्या शहरास अशी उगमाजवळची नदी पुरणें शक्य नव्हतें. तेरणेचें पाणी झालें, आसपासचे तलाव झाले. अखेर शहराची वस्ती लाखावर गेली तेव्हां भीमेवरील उजनीच्या जलाशयाकडे हात पसरावा लागला. शंभर किलोमीटरांहून लांब नळ, आणि उजनीच्या पूर्ण भरलेल्या पातळीपासून धाराशिवपर्यंत दीडशें मीटरांच्या वर चढ. बेगम तलावाचें पाणी आपल्या वजनानें विजापुरांत जात असे. हें पाणी विजेनें ढकलावें लागतें. म्हणजे पावसाबरोबर आतां विजेच्या देण्याचीही चिंता नळाशीं जोडली गेली.

लातूर इ. स. १९८२ पर्यंत ह्याच जिल्ह्यांत होतें. त्याची गोष्ट तर सर्वांच्या स्मरणांत आहे. धनेगांवचें मांजरा धरण आटल्यामुळें इ. स. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीनें दहा डबे, म्हणजे पांच लक्ष लिटर पाणी नेलें. इ. स. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें शहराची वस्ती पावणेचार लाखांवर. वांटणी केली तर माणशीं सव्वा लिटराच्या थोडें वर. पुढें डबे पन्नास झाले तरी माणशीं सहा-सात लिटर. कृष्णेकांठचें पाणी रुळावरून मांजरेकांठीं न्यावें लागावें, हा प्रसंग भावी इतिहासकार दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या शेजारीं लिहितील. दुर्गादेवीच्या दुष्काळाचे समकालीन कागद आपणांस मिळत नाहींत म्हणून आपण हळहळतों. सन २०१६ चे टांक्यांच्या फेऱ्यांचे, विहिरी ताब्यांत घेतल्याचे, पाळीच्या चिठ्यांचे कागद मात्र रद्दींत जात आहेत. संग्राहकांनीं तिकडेही लक्ष द्यावें असें आम्हांस वाटतें, जरी त्यांवर शिक्का मोर्तब नसला व ते हातकागदावर नसले तरी.

नळदुर्गच्या वरच्या अंगास बोरीवर आतां नवें धरण झालें असून त्याचें पाणी नळदुर्ग, अणदूर व तुळजापूर ह्या गांवांस मिळतें. ह्याचा एक परिणाम असा झाला कीं नर-मादी केव्हां वाहतील हें आतां वरचें धरण भरून सांडण्यावर ठरतें. इमादीनाची भिंत पहिल्यानें नदीशीं बोलत असे. आतां ती दुसऱ्या भिंतीचा निरोप ऐकते. तुळजापुरास ह्या पाण्याची निकड मोठी आहे. नवरात्रांत व अश्विनी पौर्णिमेस तेथें लोटणारी यात्रा गांवाच्या कायम वस्तीच्या कित्येक पट असते, आणि देवीच्या आवारांतील कल्लोळ व गोमुख तीर्थांवर ती भागणें कधींच शक्य नव्हतें. यात्रेच्या काळीं पाण्याची व्यवस्था जुन्या दिवसांत कोण पाहत असे, पुजारी कीं गांवकामगार, कीं बाहेरचा कोणी दाता, ह्याचा उलगडा त्या घराण्यांच्या दप्तरांतूनच व्हावयाचा आहे.

तेव्हां शोध कोठें करावा? पाण्याच्या नांवानें वेगळें दप्तर कधींच नसतें. तें जमिनीच्या, तंट्याच्या व इनामाच्या कागदांत दडलेलें असतें. देशमुख-देशपांड्यांच्या रुमालांतील झाडे व ठरावबंद पाहतांना मोटस्थळ व पाटस्थळ अशी फोड जेथें असेल तेथें थांबावें. कोणत्या ओढ्याचा पाट, कोणाचा वार, बांध फुटला तर दुरुस्तीचा खर्च कोणावर, हें बहुधा पुढच्याच ओळींत असतें. भाऊबंदकीच्या महजरांत विहिरीच्या वांटणीचीं कलमें येतात. तळ्याच्या किंवा बारवेच्या दुरुस्तीसाठीं दिलेलें इनाम पुढें निव्वळ शेत म्हणून चालत राहतें, व तळें कोणाच्या लक्षांतही राहत नाहीं. अशा इनामांच्या मूळ सनदा फार मोलाच्या आहेत.

आणखी एक गोष्ट. फारसी ग्रंथांत हा किल्ला पुष्कळदां शाहदुर्ग ह्या नांवानें येतो, व मराठींत तें शहादुर्ग असें लिहिलेलें आढळतें. केवळ नळदुर्ग ह्या नांवाखालीं शोध करणाऱ्याच्या हातून हे कागद निसटतात. विजापूरच्या फर्मानांच्या ज्या याद्या आजवर छापल्या गेल्या आहेत त्या ह्या दुसऱ्या नांवासाठीं पुन्हां चाळाव्या, विशेषतः हिजरी १०२० पासून १०२५ पर्यंतच्या. आणि ज्यांस नळदुर्गास जाण्याचा योग येईल त्यांनीं पाणीमहालांतील लेखाचा ठसा घेतांना नदीचा प्रवाह ओसरल्यानंतरचे, म्हणजे माघ-फाल्गुनांतले, दिवस निवडावे. पावसाळ्यांत भिंत ओलसर असल्यामुळें कागद धरत नाहीं.